मदत हवी आहे: रेडिएशन चालू असताना अॅटोरव्हास्टॅटिनचं (कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन गटातली) काय करायचं?

बाबा, वय ६४, गुदाशयाचा कॅन्सर. आधी रेडिएशनचे २८ शेक आणि सोबत केपसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या, मग काही आठवड्यांनी एमआरआय आणि ऑपरेशन असं ठरलंय. ११ शेक झालेत.

२०१९ ला अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून अॅटोरव्हास्टॅटिन ४० आणि इकोस्प्रिन (अॅस्पिरिन) ७५ चालू आहे. डायबेटिस नाही, वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं औषध) नाही. मागच्या आठवड्यात एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ६८ आलं (आधी ३५). अंगदुखी नाही, कावीळ नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, स्टॅटिन तूर्त बंद करा. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, स्टेंट आहे, अजिबात बंद करू नका. ऑन्कॉलॉजिस्टची वेळ सोमवारी आहे, फोनवर फक्त "तोवर चालू ठेवा" एवढंच कळलं. म्हणून चालू आहे.

भरीत भर म्हणजे भावाने वाचलं की स्टॅटिन घेणाऱ्यांच्या गाठी रेडिएशनने जास्त विरघळतात, आणि आता तो डोस वाढवायला सांगतोय! मी पाहिलं तर बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरवरून केलेले आणि निष्कर्ष एकमेकांशी न जुळणारे. त्यातून हे पेशंट इकोस्प्रिनही घेत असतात, मग श्रेय कुणाला द्यायचं? डोस आम्ही मनाने वाढवणार नाही, हे नक्की.

कृपया काढे, गोमूत्र सुचवू नका. कॅन्सर विभागात काम करणारे किंवा यातून गेलेले कुणी सांगेल का: एसजीपीटी इतकं वाढल्यावर तुमच्याकडे स्टॅटिन तेच ठेवलं, डोस कमी केला, की रोझुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनवर बदललं? आणि सोमवारी जाण्याआधी कुठल्या तपासण्या करून न्याव्यात?