‘आमची काही हरकत नाही, पण…’ : विशेष मुलं नेहमीच्या वर्गात, तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवरचा ताबा कमी. वॉकर घेऊन चालतो, बोलणं सावकाश आणि जरा जड, तोंडी हिशेब मात्र झरझर. प्रवेशासाठी पाच शाळांचे उंबरे झिजवले. तोंडावर ‘नाही’ कुणीच म्हटलं नाही. ‘आमची काही हरकत नाही, पण त्यालाच त्रास होईल’, ‘आमच्याकडे तशी सोय नाही’, ‘बाकीच्या पालकांना काय सांगायचं?’ सहाव्या शाळेनं घेतलं. वर्गातल्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच दाराजवळचा कोपरा वॉकरसाठी मोकळा ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांच्या शंका वर्ष संपलं तरी संपल्या नव्हत्या.

हे असं का होतं ते मला समजून घ्यायचं आहे. पालक, शिक्षक, वर्गमित्र, किंवा ते मूल तुम्ही स्वतः असाल, तर लिहा. कटू असलं तरी लिहा. मुलांची आणि शाळांची नावं कृपया नकोत.

प्राथमिक शिक्षिका, एकवीस वर्षं

मी ‘नको’ म्हटलं होतं, हे आधीच सांगते. चाळीस मुलांचा वर्ग, आणि त्यात दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावलेली मुलगी आली. मला वाटायचं, चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येतं. तसं नसतं. यंत्र माझा आवाज वाढवतं तसा पंख्याचा, बाक सरकवल्याचा, मागच्या कुजबुजीचाही वाढवतं.

एकदा श्रुतलेखनाच्या वह्या तपासत होते. तिचे पहिले चार शब्द बरोबर, मग तीन ओळी कोऱ्या, मग पुन्हा सगळे शब्द बरोबर. मी ती वही समोर ठेवून बराच वेळ बसले. मग आठवलं, पाचव्या शब्दाला मी चालत चालत मागच्या भिंतीपर्यंत गेले होते. माझे ओठ दिसत होते तेवढंच तिनं लिहिलं होतं.

त्या दिवसापासून फळ्यावर लिहिताना बोलणं बंद. लिहून झालं की वळायचं, मग बोलायचं. खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण चेहरा काळोखात जातो. याचा फायदा शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही झाला. पण हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या नकारात भीती होती, दुष्टपणा नव्हता. तिचं अर्धं वर्ष त्या भीतीत गेलं, याचं वाईट मला अजून वाटतं.

एक बाबा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा होता. घंटा झाली की कान दाबून ओरडायचा. आम्ही काही पालकांनी मुख्याध्यापकांकडे सह्यांचा अर्ज दिला, ‘आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो’. तिसरी सही माझी होती. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, ‘अहो बाबा, तो घंटेला घाबरतो. आता बाई आधी बोट वर करतात, मग तो कान झाकून घेतो. आता नाही ओरडत.’ आम्ही अर्ज लिहीत होतो तोवर त्यांचा प्रश्न सुटलाही होता. दुसऱ्या दिवशी जाऊन सही मागे घेतली. त्या मुलाच्या आईची क्षमा मागायला मात्र दोन वर्षं लागली.

कमी दिसणारा विद्यार्थी, आता नोकरीत

मला कुणी चिडवलं नाही. उलट सगळे फार चांगले वागायचे, आणि तेच जड गेलं. पीटीच्या तासाला सर म्हणायचे, ‘तू बस रे बाळा, सगळ्यांची दप्तरं सांभाळ.’ सहा वर्षं मी दप्तरं सांभाळली. प्रयोगशाळेत माझी परीक्षानळी दुसऱ्यानं धरायची. नाटकात मी पडद्यामागे. ‘बिचारा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण माझ्याशी बोलताना आवाज मऊ व्हायचा, त्यात तो ऐकू यायचा.

आठवीत एक नवा मुलगा आला. त्यानं चेंडूला घुंगरू बांधला आणि म्हणाला, ‘चल, टाक.’ मी पहिलाच चेंडू भलतीकडे टाकला आणि त्यानं मला सरळ शिवी घातली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी या वर्गातला आहे.

कर्णबधिर, दोन मुलांची आई

थोडं वेगळं मत. मी आधी नेहमीच्या शाळेत होते, मग कर्णबधिरांच्या. पहिल्या शाळेत मी शांत आणि गुणी मुलगी होते, कारण मला काही कळत नव्हतं. दुसऱ्या शाळेत खुणांची भाषा मिळाली आणि मी भांडायला लागले. 1880 साली मिलानच्या परिषदेत ऐकू येणाऱ्यांनी ठरवलं की बहिऱ्या मुलांना फक्त बोलूनच शिकवायचं. त्याचे परिणाम आमच्या कित्येक पिढ्यांनी भोगले. त्यामुळे ‘सगळ्यांना एका वर्गात बसवा’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असतो, त्या वर्गात माझी भाषा कोण बोलणार?

विशेष शिक्षिका

वरच्या ताईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, त्याच्या 24 व्या कलमात खुणांची भाषा शिकण्याची सोय करा आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपा, असंही म्हटलं आहे. लोक हे वाचतच नाहीत. 2016 मध्ये त्याच कराराच्या समितीनं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : मुलाला आहे त्या वर्गात नुसतं आणून बसवणं वेगळं आणि वर्गानं त्याच्यासाठी बदलणं वेगळं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलंच चालतं आणि नाव दुसऱ्याचं लावतात.

इटलीनं 1977 साली कायदा करून वेगळे वर्ग बंद केले, पण वर्गशिक्षकाच्या जोडीला मदतनीस शिक्षकही दिला. त्या जोडीशिवाय नुसतं दार उघडलं तर मूल, बाई आणि पालक तिघंही दमतात, आणि मग ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’ ऐकावं लागतं.

माझ्या स्वतःच्या चुकीबद्दलही लिहिते. एका मुलीला खूप मदत लागायची म्हणून मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. पाच महिन्यांत एकही मूल तिच्याशी बोललं नाही. कसं बोलणार, मध्ये मी होते! खुर्ची मागच्या भिंतीला नेली. चौथ्या दिवशी पुढची मुलगी वळून तिला म्हणाली, ‘तुझं खोडरबर दे.’

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. दप्तरांबद्दल वाचलं आणि पोटात खड्डा पडला. आज मुलाला विचारलं, ‘पीटीला तू काय करतोस रे?’ म्हणाला, ‘शिट्टी वाजवतो.’ ‘आणि खेळतोस कधी?’ तो गप्प बसला.

उद्या सकाळी सरांना भेटायला जाते आहे.