लष्कराने सोडलेली जमीन कोणाकडे जावी? ग्वामचे उदाहरण

वहिवाटदार (धागालेखक):

पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आले आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत ते आजही आहे. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मताधिकार नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकी सैन्य बेटावर उतरले, जपानी अंमल संपला, आणि पुढच्या काही वर्षांत तळ, धावपट्ट्या व दारूगोळ्याची कोठारे यांसाठी चामोरो, म्हणजे बेटावरील मूळ रहिवासी, कुटुंबांची शेते आणि गावठाणे ताब्यात घेण्यात आली. १९५० पर्यंत बेटाचा कारभार नौदलाकडेच होता. म्हणजे जमीन घेणारा, तिची किंमत ठरवणारा आणि तक्रार ऐकणारा एकच. सुमाय गावचे लोक तर युद्धानंतर घरी परतूच शकले नाहीत. गावाच्या जागी नौदलाचा तळ झाला, लोकांना सांता रीता येथे वसवण्यात आले, आणि आपल्याच गावाचे दर्शन घेण्यासाठी त्यांना ठरावीक दिवसाची वाट पाहावी लागते.

अशी जमीन लष्कराला नकोशी झाली, तर ती कोणाला मिळावी? १९९४ च्या कायद्याने सुमारे ३,२०० एकर अतिरिक्त जमीन ग्वाम सरकारकडे देण्याची तरतूद केली, ती सार्वजनिक हिताच्या वापरासाठी. माझ्या मते येथेच चूक झाली. जमीन सरकारकडून घेतलेली नव्हती, कुटुंबांकडून घेतली होती. तेव्हा ती परत करतानाही कुटुंबांनाच मिळायला हवी होती.

दक्षिणवारा:

अन्याय झाला हे मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. बाँबफेकीत हद्दीच्या खुणा पुसल्या गेल्या, तीन पिढ्यांत एकेका तुकड्याचे कित्येक वारस झाले, आणि १९४४ पूर्वी ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्या चामोरो कुटुंबांना आपल्या सूत्रात काहीच मिळत नाही. त्यांच्यासाठी १९७५ चा चामोरो भूविश्वस्त कायदा आहे. त्यानुसार सार्वजनिक जमीन नाममात्र भाड्याने ९९ वर्षांसाठी घराला किंवा शेतीला देता येते. सरकारकडे जमीनच आली नाही, तर भाडेपट्टे कशाचे देणार? शिवाय बेटाचे बहुतेक पिण्याचे पाणी उत्तरेकडील चुनखडीच्या पठाराखालून येते. तेथील जमिनीचे वाटेल तसे तुकडे पडले, तर त्याचा फटका साऱ्या बेटाला बसेल. तियानचा नौदल हवाई तळ १९९५ मध्ये बंद झाला आणि आज तेथे बेटाचा नागरी विमानतळ आहे. ती धावपट्टी उखडून वारसांना वाटायची काय?

वहिवाटदार:

धावपट्टी उखडा, असे मी म्हणत नाही. पण वारस वाढले म्हणून हक्क विरत नाही, त्याचे हिस्से पडतात, आणि हिस्से पाडण्याचे काम जगभरची न्यायालये रोज करतात. ज्या १९७५ च्या कायद्याचा आपण दाखला दिला, तो अंमलात आणायलाही १९९० च्या दशकात चामोरो हक्कांचे कार्यकर्ते एंजल सांतोस यांना राज्यपालांविरुद्ध न्यायालयात जावे लागले होते. सरकारच्या हाती जमीन आली की ती गरजूंपर्यंत पोहोचतेच, हे गृहीत धरण्याचा आधार मला तरी दिसत नाही. १९९९ मध्ये ग्वामच्या विधिमंडळाने वडिलोपार्जित भूमी आयोग स्थापन केला. दावा दाखल करायचा, पुरावा तपासायचा आणि हक्कपत्र द्यायचे, ही वाट चालण्याजोगी आहे हे त्यातून दिसते.

शमी:

एक तिसरी बाजू. लितेक्यान, म्हणजेच बेटाच्या उत्तर टोकावरील रितिदियान, लष्कराने सोडल्यावर १९९३ मध्ये वन्यजीव अभयारण्यात गेले. मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. तपकिरी वृक्षसर्पामुळे ग्वामच्या जंगलातील स्थानिक पक्षी जवळजवळ संपले. तेथील किंगफिशर रानातून नाहीसा झाला. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांनाही उरलेल्या सलग जंगलाचाच आधार आहे. ते एकदा तुटले की कोणत्याही वारसाला ते परत मिळणार नाही.

वहिवाटदार:

शमी, जंगलाविषयीची आपली कळकळ मलाही आहे, म्हणूनच मला हे सर्वांत जास्त बोचते. तो साप युद्धानंतरच्या काळात, बहुधा लष्करी मालवाहतुकीतून, बेटावर आला. हानी लष्कराच्या वाटेने आली आणि तिची भरपाई मात्र रितिदियानच्या मूळ कुटुंबांच्या जमिनीने झाली. पुढे शेजारीच मरीन दलासाठी गोळीबार सरावाचे मैदान उभे राहिले, आणि त्याचे धोकाक्षेत्र अभयारण्यावर येते. म्हणजे जे संवर्धन कुटुंबांसाठी अटळ ठरले, ते लष्करासाठी वाकले. जंगल राखायचेच असेल, तर हक्क कुटुंबांच्या नावे करून त्यांच्याशी संवर्धनाचा करार का करू नये?

दक्षिणवारा:

करार चालेल, पण पैशाचा प्रश्न राहतोच. १९८० च्या दशकात या संपादनांच्या दाव्यांपोटी ३ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. मोबदला आणि जमीन दोन्ही देणे इतरांवर अन्यायाचे होईल.

वहिवाटदार:

मिळालेली रक्कम वजा करा, माझी हरकत नाही. पण तो पैसा संरक्षणाच्या गरजेपोटी दिलेला होता, आणि जमीन अतिरिक्त ठरते तेव्हा ती गरज संपल्याचे घेणाराच लिहून देतो. तियानसारख्या ठिकाणी, जेथे जमीन परत देता येत नाही, तेथे सार्वजनिक जमिनीच्या भाड्यातून मूळ मालकांना हिस्सा देण्याची भूपेढीची कल्पना आयोगाच्या कायद्यातच आहे. माझी मागणी एवढीच की, तो हिस्सा वारसांची नोंद पूर्ण होईपर्यंत वेगळ्या खात्यात जमा व्हावा, सरकारच्या तिजोरीत मिसळू नये.