बटाट्याच्या झाडाला लागलेली हिरवी फळं विषारी असतात का?

प्रश्न
कुंडीत बटाटे लावलेत. फुलं गळाली आणि तिथे गोटीएवढी हिरवी फळं धरली, थेट कच्च्या टोमॅटोसारखी. धाकटी एक फळ तोंडात घालणार तेवढ्यात मी हिसकावलं. विषारी असतात का? आणि मातीवर उघडा पडलेला एक बटाटा अर्धा हिरवा झालाय, तो उकडून खाल्ला तर?

उत्तर १
हिसकावलंत ते फार बरं केलंत, ताई. फळं आजच तोडून टाका. बटाट्याच्या झाडात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही दोन अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली विषारी द्रव्यं, असतात. कोंब, फुलं, फळं, पाला यांत ती भरपूर, कंदाच्या गरात अगदी थोडी. कंदातली बहुतेक सालीत आणि सालीलगतच्या पातळ थरात असतात, शिवाय डोळ्यांभोवती. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. मुलांचं वजन कमी, त्यामुळे त्यांना थोडंसंही बाधतं.

उकडण्याचं म्हणाल तर नको. उकळत्या पाण्यानं ही द्रव्यं मोडत नाहीत. मी एकदा असाच बटाटा जाडसर सोलून उकडला. पहिल्याच घासाला कडवटपणा आणि घशात चरचर. पातेलंभर बटाटे टाकून दिले. जीव हळहळला, पण कडू लागला की गिळायचा नाही, हे मी तेव्हापासून घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.

उत्तर २
हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल ना? ते तर पालेभाजीतही असतं.

उत्तर १ (पुन्हा)
बरोबर, रंग निरुपद्रवीच. पण उजेड लागला की रंगही येतो आणि अल्कलॉइड्सही वाढतात, म्हणून रंग ही खूण धरायची. मार लागलेल्या बटाट्यात मात्र ती अंधारातही वाढतात, हिरवेपणा न दिसता. वाणावरही असतं. अमेरिकेत 1967 साली चिप्ससाठी ‘लेनापी’ नावाचा वाण आला. तळून छान व्हायचा, पण या द्रव्यांचं प्रमाण जास्त निघालं, तेव्हा 1970 मध्ये मागे घेतला. किलोभर बटाट्यात या द्रव्यांची 200 मिलिग्रॅम ही मर्यादा साधारण मानली जाते.

प्रश्नकर्ती
फळं तोडली, हिरवा बटाटा टाकला. बाकीचे कंद उघडे पडू नयेत म्हणून झाडांना मातीची भर दिली. धाकटी अजून रुसलीय.