मदत हवी आहे: एंटरप्राइजच्या बशीवरच्या खाचा बुजवून पेन्सिलच्या रेषा कशा काढाव्यात?

'स्टार ट्रेक'च्या १९६६च्या मालिकेतली एंटरप्राइज (अंतराळयान) करतोय, १:३५० प्रमाणातलं जोडायचं मॉडेल किट, साधारण ३२ इंच लांब. मला ती चित्रीकरणाच्या ११ फुटी मॉडेलसारखी हवी आहे, जे आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

अडचण बशीची, म्हणजे यानाच्या पुढच्या चपट्या गोल भागाची. मूळ मॉडेलच्या बशीवर जाळीसारख्या रेषा पेन्सिलने ओढलेल्या होत्या, अगदी पुसट; पडद्यावर जेमतेम दिसतात. किटवर मात्र त्या कोरलेल्या खाचा आहेत. रंग दिल्यावर सावली धरतात आणि जहाज एकदम खेळणं वाटायला लागतं.

खाचा गाडीच्या पुट्टीने भरू की जाड सरफेसरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन-तीन हात देऊन घासू? पुट्टी नंतर आकसून रेष परत वर येईल अशी भीती वाटते. बशीच्या उतारावर एककेंद्री वर्तुळं आणि आरे पेन्सिलने अचूक कसे काढायचे? मधल्या घुमटाच्या भोकात खुंटी बसवून तिच्याभोवती पट्टी फिरवायचा विचार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वरून मॅट क्लिअर (बिनचकाकीचा पारदर्शक थर) मारल्यावर ग्रॅफाइट पसरतं का? कोणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? एचबी की २एच?

शिवाय डावी बाजू. दिव्यांच्या वायरी तिकडून आत जायच्या, म्हणून मूळ मॉडेलची ती बाजू अर्धवटच ठेवली होती आणि चित्रीकरण बहुतेक उजवीकडूनच व्हायचं. मला ती तशीच ठेवावीशी वाटते. तुम्ही काय केलं असतं? फोटो असतील तर जरूर टाका.