बीअर, खाणे आणि जुनी शहरे: बारा दिवसांचा युरोप कसा आखावा?

तापीकाठ (भुसावळ)

सप्रेम नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत असून त्या निमित्ताने आम्ही दोघे बारा दिवसांसाठी युरोपला जाण्याचे ठरवत आहोत. माझ्या यजमानांना बीअरची मनापासून आवड आहे आणि ती केवळ पिण्यापुरती नाही; कोणत्या गावची बीअर कशामुळे वेगळी लागते, याविषयी ते वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. मी बीअर घेत नाही आणि शाकाहारी आहे, अंडे मात्र चालते. मला जुनी गावे आणि बाजार पायी हिंडून पाहायचे आहेत. एका सहल कंपनीने बारा दिवसांत सात देशांचा कार्यक्रम दिला आहे, पण त्यात बीअरचा कारखाना पाहण्यासाठी जेमतेम पाऊण तास ठेवला आहे. स्वतः आखणी केल्यास कोणती गावे घ्यावीत, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बीअर महोत्सव गाठावा का आणि माझ्या जेवणाची सोय कशी होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

केळीबाग (रावेर)

ताई, सात देशांचा नाद सोडा, ही कळकळीची विनंती. आम्ही पती-पत्नी आधी तशाच एका सहलीला गेलो होतो; त्यातला निम्मा वेळ बसमध्ये गेला. दुसऱ्या खेपेला आम्ही झेक प्रजासत्ताकातील प्राग व प्लझेन आणि जर्मनीतील बांबेर्ग व म्युनिक एवढीच गावे घेतली आणि ते बारा दिवस आम्हाला आजही दिवसवार आठवतात.

प्रागला चार रात्री द्या. चार्ल्स पुलाचे बांधकाम १३५७ मध्ये सुरू झाले. सकाळी सहाच्या सुमारास गेलात तर पूल जवळजवळ तुमच्या दोघांचाच असतो. पुढे म्युनिककडे जाणारी रेल्वे प्लझेनवरूनच जाते, म्हणून तिथे एक मुक्काम अवश्य करा. आज जगभर जी सोनेरी, नितळ बीअर प्यायली जाते, तिचा उगम या गावात १८४२ मध्ये झाला. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातून आलेल्या योसेफ ग्रोल या बीअर बनवणाऱ्याने फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), झाटेक भागातले हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुले) आणि प्लझेनचे अत्यंत मृदू पाणी एकत्र आणले. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा बोचरा होतो, तिथे तो सौम्य राहतो, हा फरक यजमानांना पहिल्याच घोटात कळेल. तिथल्या पिल्सनर उर्केल या बीअरच्या कारखान्यात तळघरापर्यंत नेतात. आत चांगलीच थंडी असते, त्यामुळे सप्टेंबर असला तरी स्वेटर जवळ ठेवा. तिथे ओकच्या मोठ्या पिंपाची लाकडी तोटी उघडून न गाळलेली, किंचित गढूळ बीअर थेट ग्लासात देतात. माझ्या पत्नीने एकच घोट घेतला आणि म्हणाली, "याला ताज्या भाकरीचा वास येतो." मला ते वर्णन आजही अचूक वाटते.

झेक खाणावळीत वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासामागे तिच्यावर एक रेघ ओढतो. ती चिठ्ठी हरवू देऊ नका, बिल तिच्यावरूनच होते. ग्लासावरचा जाड फेस पाहून माप कमी दिले असे समजू नका, त्या फेसामुळे खालची बीअर ताजी राहते. फळ्यावर लिहिलेले १०° किंवा १२° हे आकडे मद्यार्काचे नसून आंबवण्यापूर्वीच्या रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे असतात. १२° च्या बीअरमध्ये मद्यार्क साधारण ५ टक्के असतो.

बांबेर्ग हे गाव मात्र तुमच्यासाठीही आहे. त्याच्या जुन्या भागाला १९९३ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि जुने नगरभवन नदीच्या मध्यावर उभे आहे. तिथली धुरकट बीअर बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टपासून करतात. श्लेंकेर्ला या जुन्या गुत्त्यात ग्लास नाकाजवळ नेला, तेव्हा मला पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेले बामणोदचे वांगे आठवले. भरताचा तो वास ज्याला प्रिय आहे, त्याला ही बीअर परकी वाटणार नाही.

पांझराकाठ (धुळे)

ताई, जेवणाबद्दल मी लिहिते. प्रागमध्ये 'स्माझेनी सीर' मागा. ते पाव-चुऱ्यात घोळवून तळलेले चीज असते. बव्हेरियात 'केझेश्पेट्झले' म्हणजे अंडे घातलेल्या पिठाचे छोटे गोळे, चीज आणि तळलेला कांदा. खारी ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा पाव) आणि लोणी-चीजचे मिश्रण 'ओबात्सदा' हे तर कुठेही मिळते. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण भाज्यांच्या सुपातही अनेकदा मांसाचे पाणी असते. यजमान बीअर घेतील तेव्हा तुम्ही प्रागला कोफोला घ्या, हे १९६० पासूनचे तिथले वनस्पतींच्या अर्काचे कोला पेय आहे.

म्युनिकच्या बिअरगार्टनची, म्हणजे झाडांखाली बसून बीअर घेण्याच्या बागेची, एक प्रथा मला फार आवडली. बव्हेरियाच्या राजाने १८१२ मध्ये बीअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघराशी बीअर विकण्याची मुभा दिली, पण पावाखेरीज अन्न देण्यास मनाई केली. तेव्हापासून लोक घरचा डबा घेऊन येतात आणि जिथे टेबलावर कापड अंथरलेले नसते तिथे आजही ती मोकळीक आहे. पेय तेवढे तिथलेच घ्यायचे. आम्ही चेस्टनटच्या झाडाखाली बसून मुळ्याच्या चकत्या, पाव आणि घरून नेलेली शेंगदाण्याची लाल चटणी खाल्ली. शेजारच्या आजोबांनी चटणी चाखली आणि आपला मुळा आमच्याकडे सरकवला.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, ताई, आपले दोघांचेही आभार. यजमानांना मी दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. भरताच्या उल्लेखावर ते दोनदा थांबले. बेल्जियम आणि ऑक्टोबरफेस्ट यांचे काय करावे? व्हिसा कोणत्या देशाचा घ्यावा?

सातपुडा (शहादा)

बेल्जियम या खेपेला नको. तिथल्या बीअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले आहे, पण तिथल्या अनेक बीअर ८ ते १० टक्क्यांच्या असतात आणि त्या सावकाश घ्याव्या लागतात. तो वेगळा प्रवास आहे. शिवाय तिथले बटाट्याचे फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात, हे ताईंनी लक्षात ठेवावे.

ऑक्टोबरफेस्ट नाव असले तरी सुरू सप्टेंबरमध्येच होतो. त्या काळात म्युनिकमधील हॉटेले फार महागतात, म्हणून मुक्काम आधीच्या आठवड्यात संपवा किंवा बांबेर्गला राहून एका कामाच्या दिवशी सकाळी जाऊन या. रेल्वेने साधारण दोन तास लागतात.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, म्हणून आधी रात्री मोजा. प्रागच्या चार आणि प्लझेनची एक धरली, तर उरलेल्या रात्री जर्मनीत जास्त होतात की नाही, ते तपासा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. झेक प्रजासत्ताकात युरो नव्हे, कोरुना हे तिथले चलन चालते. सामानात तूप किंवा पेढे ठेवू नका, दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे. चटणी खुशाल न्या.