मतिमंद मुलांना बांधून ठेवणं कधी चालतंय का?

फुलेवाडीकर: माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, इथंच कोल्हापुरात एका डे सेंटरला जातो. मागं मनगटावर वळ दिसले, विचारलं तर म्हणाले डोकं भिंतीवर आपटत होता म्हणून ओढणीनं खुर्चीला बांधला. घरी एक फोन नाही! माझं मत स्पष्ट आहे, जीवावर बेततंय असं दिसलं तर तेवढ्यापुरते हात धरा, बांधायचं मात्र नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतोय की दुसरा उपायच नसेल तरच, तेही मानसोपचार डॉक्टरच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच. आणि साखळदंड पूर्ण बंद.

जुना_काळजीवाहक: भावा, बोलायला सोप्पं हाय. मी निवासी शाळेत होतो, रात्री मी एकटा आन पोरं वीसच्या वर. एकजण दुसऱ्याच्या डोळ्यात बोटं घालतोय, तिसरा गेटवर चढतोय, कुणाला धरू? बांधलंय मी, लपवत नाही. वाईट वाटतंय खरं रक्त निघण्यापेक्षा बरं.

विशेष_शिक्षिका: दादा, तो २०१७ चा कायदा मतिमंदत्वाला मानसिक आजार धरतच नाही, त्यामुळं संस्थावाले सरळ हात वर करतात. तुम्ही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा धरा, कलम ७ खाली प्रांत किंवा तहसीलदारांकडं कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तक्रार देता येते. आणि आधी दात, कान, पोट तपासून घ्या, ज्याला बोलता येत नाही तो दुखलं की डोकंच आपटतो, बांधल्यावर दुखणं तसंच राहतंय. आपटायच्या आधी काय झालं ते रोज वहीत लिहायला लावा. जुने काळजीवाहक, एक सांगते, पालथं पाडून पाठीवर बसणं तर कधीच नको, श्वास कोंडून माणसं गेलीत.

कागलची_आई: मी घरी बांधते. चूल पेटलेली असताना पोरगी धावून येतीया, नवरा कामावर, सासू अंथरुणाला. मला कोण तहसीलदाराकडं नेणार?

फुलेवाडीकर: ताई, तुमच्यावर बोट नाही हो माझं. तुम्ही एकट्या हाय. संस्था पगारी माणसं ठेवते, फी घेते, तिनं निदान बांधल्याची वेळ, कारण लिहावं आणि त्याच दिवशी फोन करावा. तक्रार मी देणार आहेच.

जुना_काळजीवाहक: द्या की. खरं त्या अर्जात काळजीवाहकाच्या जोडीला दुसरा माणूस पायजे हे बी लिवा. एरवी नोटीस काळजीवाहकालाच येती, आन दुसऱ्या दिवशी परत तो एकटाच.

विशेष_शिक्षिका: हे मात्र बरोबर बोललात. मसुदा इथं टाका दादा, दोन्ही मागण्या घालून देते.