ठरावीक संघालाच नडणारे पिचर: आकडे कसे तपासायचे?

पहाटपाळी_दादर
बेसबॉलमध्ये काही पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) 'अमक्या संघाचा कर्दनकाळ' हे बिरूद चिकटतं ते चिकटतंच. डेट्रॉइटच्या फ्रँक लॅरीला तर 'यँकी किलर' म्हणायचे, म्हणजे न्यूयॉर्क यँकीज संघाचा कर्दनकाळ. एक्सेलमध्ये पिचर आणि प्रतिस्पर्धी संघ अशा जोड्या लावतोय, पण नुसत्या जय-पराजयावर गेलं तर निम्मी लीग कर्दनकाळ निघते. बघायचं नेमकं काय, आणि किमान किती इनिंग धरायच्या?

माहीमचा स्कोअरर
जय-पराजयावरून एकदम निकाल लावू नकोस. पिचर कितीही भारी टाको, त्याच्या संघाने धावा केल्या नाहीत तर विजय नावावर लागत नाही. शिवाय नशिबाचा हिशोब बघ: प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला तर 8-0 (आठ विजय, पराजय शून्य) व्हायची शक्यता 256 मध्ये 1. 30 संघांचे 5-5 स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर), प्रत्येकासमोर डिव्हिजनमधले, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटातले 4 प्रतिस्पर्धी, म्हणजे 600 जोड्या. प्रत्येक जोडीत 8 निकाल लागले तर दोन-तीन कर्दनकाळ फुकटात तयार!

बेसबॉल-रेफरन्स या वेबसाइटवर पिचरच्या पानावर 'स्प्लिट्स'मध्ये संघवार आकडे मिळतात. ते कारकिर्दीतून वजा कर आणि उरलेल्याशी ताडून बघ. लॅरी एकूण 128-116, यँकीजविरुद्ध 28-13. वजा केल्यावर उरतात 100-103. इतरांपुढे चारचौघांसारखा, आणि ज्या यँकीजनी 1955 ते 1964 मध्ये 1959 सोडून दर वर्षी अमेरिकन लीग जिंकली त्यांच्यापुढे असा! 41 निकालांत एवढा फरक दिसला तर तो मी नुसता नशिबावर ढकलणार नाही.

पण हे 41 जमले कसे, तेही बघ. 1960 पर्यंत त्या लीगमध्ये 8 संघ आणि 154 सामने, म्हणजे प्रत्येकाशी 22. 2023 पासून डिव्हिजनमधल्या संघाशीसुद्धा 13 च सामने. पाच स्टार्टर पाळीपाळीने टाकतात (त्याला रोटेशन म्हणतात), त्यात एका पिचरच्या वाट्याला वर्षाला दोन-तीन येतात. नवा लॅरी पिकायला जमीनच उरली नाही.

कांदिवली कर्व्हबॉल
एक्सेल म्हणालास म्हणून सांगतो, इनिंगच्या रकान्यात हमखास माती होते. 151.2 म्हणजे 151 पूर्णांक दोन तृतीयांश. आपल्या षटकांसारखंच, फक्त सहा चेंडूंऐवजी तीन आउट. पूर्णांक वेगळा काढ, मागचा आकडा 3 ने भागून त्यात मिळव, मगच ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा: अर्न्ड रन (फील्डरच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून बाकीच्या) गुणिले 9, भागिले इनिंग.

लॅरी जास्टरचं 1966 घे. सेंट लुईसचा डावखुरा. त्या मोसमात डॉजर्सविरुद्ध पाच सामने सुरू केले आणि पाचही शटआउट, म्हणजे एकही धाव न देता पूर्ण टाकलेले. 45 इनिंग, 24 हिट, सगळे सिंगल (फक्त पहिल्या बेसपर्यंतचे). मोसमाची बेरीज 151.2 इनिंग, ईआरए 3.26, म्हणजे 55 अर्न्ड रन. डॉजर्स वजा केले की 106.2 इनिंग आणि तेच 55 रन. ईआरए 4.64! तरी मी त्याला कर्दनकाळ म्हणणार नाही. एका मोसमातले पाच सामने आहेत ते, आणि डॉजर्सनी पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकलं ते पिचिंगच्या जोरावर, बॅटिंग बेताचीच होती.

पहाटपाळी_दादर
वजाबाकीची युक्ती झकास. पण क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या अंडरवुडने गावसकरला कसोटीत 12 वेळा काढलं, त्याला आपण गिऱ्हाईक म्हणतोच ना? इथे तसं का नको?

माहीमचा स्कोअरर
कारण ते गिऱ्हाईक एकच माणूस होतं. संघातले बॅटर पाच वर्षांत जवळजवळ सगळे बदलतात, जर्सी तेवढी तीच राहते. म्हणून तीन-चार मोसमांचे तुकडे पाड. एकाच तुकड्यात सगळी जादू असेल तर ती त्या वेळच्या बॅटिंगच्या फळीपुरती होती.

डावखुरा_ठाणे
हात आणि मैदान राहिलं. डावऱ्या पिचरला डावरे बॅटर सोपे जातात, उजव्यांना त्याचा चेंडू लवकर दिसतो. वॉरन स्पॅन इतका मोठा डावखुरा, पण ब्रुकलिन डॉजर्सची उजव्या बॅटरांची फळी आणि त्यांचं छोटं मैदान, एबेट्स फील्ड, यामुळे त्याला तिथे खेळवणं टाळायचे. म्हणून घर-बाहेर आणि डावे-उजवे असे रकाने वेगळे हवेत. नाहीतर मैदानाचं श्रेय पिचरच्या खात्यात जमा होतं.

इनिंगपेक्षा समोर आलेले बॅटर मोज. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) प्रमाण साधारण 70 बॅटरांनंतर भरवशाचं होतं, वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) 170 च्या आसपास, म्हणजे 40 इनिंग धर. ईआरएला याच्या कितीतरी पट लागतात. त्या संघाविरुद्ध स्ट्राइकआउट नेहमीएवढेच, वॉकही तेवढेच आणि फक्त ईआरए खाली असेल, तर चेंडू फील्डरच्या हातात जातायत एवढंच. अशा ओळी करड्या रंगात ठेव, उडवू नकोस. पुढच्या मोसमात बघता येतील.